डोमा मिस्त्रीचा पाय

डोमा मिस्त्री जाऊन आता बरेच दिवस झाले, पण माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. मी आयुष्यात कोणाला काही फुकट दिलं नाही आणि कोणाकडून फुकट घेतलंही नाही. जे कमावलं ते तोंडाच्या जोरावर कमावलं. आणि ज्याच्या दुकानात मी इतकी वर्षं गाड्या नेल्या, त्या माणसानं स्वतःचा पाय निकामी झाल्याचं माझ्यापासून लपवलं, आणि लपवण्यासाठी पाय माझा वापरला. फुकट. मला पत्ता लागू न देता.

ब्रेकच्या मिस्त्रीचा पाय जाणं म्हणजे काय, हे ज्यानं गाडी चालवली त्याला सांगायला नको. गवयाचा कान जावा, तसं ते.

गोंदियात फुलचूरच्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या शेजारी, त्याचं टिनाचं शेड होतं. पाटी नव्हती. इंजिन, गिअर, वायरिंग यातलं तो काही करत नसे. कोणी म्हटलं, "मिस्त्री, जरा क्लच भी देख लो," तर तो रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवायचा. "तिकडं जा. इथं फक्त थांबवाचं काम होते. चालवाचं नाही."

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. मूळचा तिरोड्याकडचा. आधी धानाची पोती पाठीवर वाहिली, मग दुसऱ्याचा टेम्पो चालवला, मग स्वतःचा घेतला, तो विकला, दुसरा घेतला. असं करत करत घ्यायचं आणि विकायचं हाच धंदा झाला. शिवाय तीन-चार गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्यानं देतो. म्हणजे माझ्या गाड्यांत माणसं बसतात, लेकरं बसतात, म्हाताऱ्या बसतात. ब्रेकच्या बाबतीत मी म्हणूनच कधी स्वस्तातला मिस्त्री पाहिला नाही. महागड्याकडे जायचं आणि त्याला स्वस्तात आणायचं, ही माझी पद्धत. डोमाच्या बाबतीत ती कधी चालली नाही.

पहिल्यांदा मी त्याच्याकडे गेलो तो एक सात सीटर घेऊन. छत्तीसगडच्या एका माणसाकडून भांडून-भांडून उतरवलेली. गाडी देखणी, पण ब्रेक मारला की पेडल गादीत पाय घातल्यासारखं खाली जायचं. दोन-तीनदा झटपट मारलं की वर यायचं, कडक व्हायचं. जरा वेळानं पाहावं तर पुन्हा मऊ. गावातल्या एका मोठ्या गॅरेजनं नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला, रबरी नळ्या बदलल्या, हवा काढली, परत काढली. पेडल होतं तसंच. गिऱ्हाईक तयार होतं आणि गाडी देता येत नव्हती. मी पेटलेलाच होतो.

डोमानं बोनेट उघडलं नाही. त्यानं आधी चप्पल काढली. मग बादलीतल्या पाण्यानं उजवा पाय धुतला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला, आणि देवळात शिरावं तसा गाडीत बसला. डोळे मिटून पेडल दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. मग बोटांनी, टाचेनं, पुन्हा बोटांनी. मी घाईत होतो.

"मिस्त्री, काय निंगलं?"

"हवा आहे."

"हवा तं काढली त्यायनं. दोन डाव काढली."

"काढली नाही. काढल्यासारखी केली."

मग तो पोतं अंथरून पुढच्या चाकाखाली आडवा झाला, आत हात घातला आणि तिथूनच हसला. चाकाला पकडून धरणारे जे ब्रेकचे जबडे असतात, कॅलिपर, ते कोणीतरी साफ करायला काढले होते आणि बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. बसतात ते दोन्हीकडे. म्हणून चूक दिसत नाही. फक्त हवा काढायची छोटी निपल वरच्या बाजूला असायला पाहिजे, ती खालच्या बाजूला आली होती.

"पान्यात हवा कुठं जाते गा?" त्यानं खालूनच विचारलं.

"वर."

"अन् यायनं दार ठेवलं खाली. जलमभर पेडल मारशीन, तेल निंगीन. हवा तिथंच बसून राहीन, मजेत."

मला एकदम हलकं वाटलं आणि सवयीनं तोंड सुटलं. "म्हनजे काहीच खराबी नाही. इकडचं तिकडं करा लागते, एवढंच. मंग भाव तसाच लाव मिस्त्री, पार्ट तं काही लागला नाही."

तो बाहेर आला. दुपट्टा झटकला आणि चप्पल पायात घातली.

ती चप्पल म्हणजे काय, हे मला पंक्चरवाल्यानं सांगितलं. डोमा मिस्त्रीनं चप्पल घातली की काम बंद. त्यावर बोलणं नाही, भांडण नाही. गिऱ्हाइकानं भाव केला की तो चप्पल घालायचा आणि स्टुलावर बसून रस्त्याकडे बघायचा. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. मी चहाच्या टपरीवर जाऊन आलो, पान खाऊन आलो, ओरडून पाहिलं, हिंदीत ओरडून पाहिलं. शेवटी म्हटलं, "बरं, तू म्हनशीन ते." त्यानं चप्पल काढली. मी बाजारात मोठमोठ्या दलालांना रडवलंय. या माणसासमोर मी पहिल्याच दिवशी हरलो आणि पुढे दर वेळी हरत गेलो.

अनवाणी पायाचं हे वेड त्याला घरातून मिळालं होतं. तो नवेगाव बांधकडचा, कोहळी समाजाचा. त्याचे पूर्वज तलाव बांधणारे. त्याचा बाप पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, अनवाणी फिरायचा. पाळीवर गवत असतं, वरून सगळं सारखं दिसतं. पण आतून पाणी वाट काढू लागलं की तेवढ्या जागी माती पायाखाली दबते. डोळ्याला दिसायच्या आधी पायाला कळतं. डोमा सांगायचा, "माया बाप जोडा घालून पाळीवर गेला नाही कधी. जोड्याले काय समजते?" बापासोबत लहानपणी फिरून त्याचाही पाय तसा झाला होता. शेतीच्या वाटण्या झाल्या, हिस्सा उरला नाही, तो गोंदियात आला आणि पाय घेऊन आला. त्याच्या लेखी पाळ आणि पेडल यांत फारसा फरक नव्हता. दोन्हींत दाबून धरलेलं पाणी, आणि ते कुठून निसटतं एवढंच शोधायचं.

चांगलं पेडल कसं असावं, हे विचारलं की तो म्हणायचा, "बैलाच्या खांद्यावानी. दाबलं तं थोडं आत जाइल, पन मंग मांगं ढकलीन." खराब पेडलांची तर त्याच्याकडे वेगवेगळी नावं होती. भिजवलेल्या कणकेसारखं, म्हणजे नळीत हवा. आधी कडक आणि मग हळूहळू खाली बसणारं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलेलं. त्याला तो "झोपनारा" म्हणायचा. पहिल्यांदा खोल आणि दुसऱ्यांदा वर येणारं, म्हणजे मागच्या ड्रममध्ये पट्टे ढिले. हे सगळं तो पायानं ओळखायचा आणि नंतर पाना हातात घ्यायचा.

एकदा मी ब्रेक ऑइलचा डबा घरून नेला. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात उघडलेला, अर्धा भरलेला. म्हटलं, चांगलं तेल आहे, वाया कशाला घालवायचं, आणि त्याच्या दुकानातलं घ्यायला नको. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा शेडच्या बाहेर नालीत उपडा केला.

मी त्याच्या अंगावरच गेलो. "अबे, माया तेल आहे ते!"

"तेल होतं. आता अर्धं पानी आहे. हे तेल हवेतलं पानी पिते सेठ. झाकन उघडं राहिलं की पिते, पावसाऱ्यात तं जास्तच पिते."

"दिसत तं नाही पानी."

"दिसत नाही. नवेगावच्या उतारावर वऱ्हाड घेऊन जाशीन, ब्रेक गरम होइल, आतल्या पान्याची वाफ होइल. मंग पेडल दाबशीन तं खाली काहीच नाही राहनार. पाय सिध्धा पत्र्याले लागन." आणि मग जरा थांबून म्हणाला, "तवा दिसन."

मी चार शिव्या दिल्या. त्यानं दुकानातला बंद डबा फोडला आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. नालीत ओतलेल्याचं काही कापलं नाही. ही तक्रार मी त्याच्या बायकोकडेही केली होती. सुमन वहिनी दुपारी डबा घेऊन यायची. ती म्हणाली, "भाऊजी, घरचं लोनचंबी असंच फेकतेत. वास आला म्हनतेत अन् फेकतेत. मी कोनाकडं सांगू?"

असा माणूस. ताठ, तिरसट, स्वतःच्या कौतुकात बुडालेला. कोणी म्हटलं, "मिस्त्री, आप के पैर में जादू है," तर लाजायचा नाही, म्हणायचा, "आहेच." आणि म्हणूनच पुढे जे झालं ते माझ्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी मी गाडी घेऊन गेलो तर त्यानं पाय धुतला, पुसला, चप्पल कडेला ठेवली, सगळं नेहमीसारखं. आणि मग गाडीत बसायच्या ऐवजी दार धरून उभा राहिला.

"बस. दाब."

"मी?"

"गाडी कोनाची आहे? मालकाच्या पायाले समजलं पाहिजे."

हा त्याचा नवा कायदा. पेडल मालकानंच दाबायचं. मी दाबलं. तो शेजारी वाकून प्रश्न विचारू लागला. कसं लागते? कुठपासून जड होते? मधातून का शेवटी? कणकेवानी का चिखलावानी? मी म्हटलं, "मले काय मालूम, चिखल अन् कनिक! मऊ आहे!" तो म्हणाला, "मऊ म्हनजे काय? कापूस मऊ असते अन् लोनीबी मऊ असते. नीट सांग." मग मला पेडल दाबून धरायला लावलं आणि स्वतःचा तळहात माझ्या गुडघ्यावर ठेवला. पेडलवर नाही, माझ्या गुडघ्यावर. आणि डोळे मिटून उभा राहिला.

"काय करून राहिला मिस्त्री?" मी विचारलं. मला विचित्रच वाटलं.

"हलू नको."

थोड्या वेळानं म्हणाला, "गुडघा खाली गेला तुया. झोपनारा आहे. मास्टर सिलिंडरचं किट टाका लागन."

मला गुडघा खाली गेल्याचं जाणवलंही नव्हतं. किट टाकलं, पेडल ठीक झालं.

हे इथवर ठीक होतं. माझी गाडी, माझा पाय. पण हळूहळू असं झालं की मी नुसता बसायला गेलो तरी त्याच्या शेडमधून हाक यायची, "गेंदलाल, ये. पाय दे." दुसऱ्याच्या गाडीसाठी! बोदलकशाच्या तलावावरचा एक मासेवाला होता, पिकअपमध्ये बर्फ घालून मासे आणायचा. त्याच्या गाडीला माशांचा असा वास की बाजूनं जाताना नाक धरावं. त्या गाडीत मला बसवलं. मालक स्वतः बाजूला उभा, आणि पेडल दाबतोय मी.

"याच्याच पायानं दाबू दे नं," मी म्हटलं. "मालकाच्या पायाले समजलं पाहिजे म्हनतोस नं तू?"

"त्याच्या पायाले सवय झाली आहे. त्याले खराबच चांगलं लागते."

मासेवाला म्हणाला, "हो सेठजी, मले तं मस्त लागते."

"पाह," डोमा मला म्हणाला, "मस्त लागते म्हनते. तू दाब."

हवा काढायची असली की काम आणखी लांबायचं. तो चाकाखाली निपलवर पाना लावून पडलेला, मी वर सीटवर. "दाब... दाब... दाब... धर!" तो निपल सोडायचा, नळीतून तेलासोबत बुडबुडे यायचे, पेडल माझ्या पायाखालून खाली जायचं. "सोडू नको! धरून ठेव!" तो निपल आवळायचा. "आता सोड." चारही चाकं, सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्यापर्यंत. माझी पिंडरी दुखायची. आणि बदल्यात काय, तर टपरीवरचा चहा. तोही अर्धा.

मी भांडायचो. रोज भांडायचो. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पाय दे." मी का देत होतो? मला वाटायचं, माझ्या गाड्यांची कामं तो आधी करतो, म्हणून फायद्याचंच आहे. मी हिशेब करूनच देत होतो. तो हिशेबच चुकीच्या माहितीवर होता, ही माझी तक्रार आहे.

तो उन्हाळ्याचा दिवस होता. लग्नाचे दिवस, माझ्या गाड्या सगळ्या बाहेर, फक्त एक त्याच्या शेडमध्ये. मी पोचलो तेव्हा डोमा अनवाणी इकडून तिकडे फिरत होता. बाकावरच्या लोखंडी शिकंज्याकडे, व्हाइसकडे, गेला, गाडीकडे आला, पुन्हा व्हाइसकडे. सिमेंटवर लाल डाग होते. ओळीनं.

"मिस्त्री, स्टिअरिंगचं ऑइल गळून राहिलं," मी म्हटलं. ते तेल लाल असतं.

त्यानं खाली पाहिलं. जरा विचार केला. "या गाडीत ते ऑइल येतच नाही."

मग मी डाग नीट पाहिले. ते गाडीखालून येत नव्हते. ते त्याच्या मागेमागे चालले होते. डाव्या पायाचा एकही नाही, सगळे उजव्या टाचेचे. मी त्याला धरून टायरवर बसवलं, पाय उचलला. टाचेत एक तुटकी लोखंडी पिन रुतून बसली होती, मुळापर्यंत. आजूबाजूची चामडी पांढरी पडली होती. मला पाहवेना. मी पकड घेतली आणि पिन ओढली.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"निंगली का?" त्यानं विचारलं.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, पुष्कळ खोटं ऐकलं, पण असा प्रश्न कधी ऐकला नव्हता. ज्या पायाला तेलातला एक बुडबुडा कळायचा, त्या पायातून मी लोखंड उपटलं आणि हा मला विचारत होता, निघालं का.

तेवढ्यात सुमन वहिनी डबा घेऊन आली. तिनं जमिनीवरचं पाहिलं, डबा ठेवला, आणि पदरानं त्याची टाच दाबून धरली. तिला नवल वाटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

"हे काय आहे वहिनी?"

"शुगर," ती म्हणाली. "दोन्ही पाय सुन्न आहेत. तुमाले मालूम नाही भाऊजी? मी तं समजली तुमाले मालूम असन, तुमी तं रोजच येता." मग त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. "डागदरनं म्हनतलं, चप्पल काढू नको. घरातबी काढू नको. अन् हे इथं येऊन काढतेत. पाय धुतेत, पुसतेत. लोकायले दाखवाले."

म्हणजे ते पाय धुणं, ते अनवाणी फिरणं, सगळं चालूच ठेवलं होतं. चप्पल घातलेला डोमा दिसला असता तर कोणी विचारलं असतं. म्हणून ज्या पायात आता काहीच उरलं नव्हतं तो रोज धुऊन-पुसून लोकांसमोर ठेवायचा, आणि दाबायला मात्र माझा.

मी ओरडलो. रस्त्यावरचे लोक थांबले इतका ओरडलो. "मले काऊन नाही सांगतलास?"

"तुले?" तो म्हणाला. टाच अजून बायकोच्या हातात होती. "तुले सांगतलो असतो तं तू भाव पाडला असतास."

पाडला असता. मी ते नाकारत नाही. ज्या मालात खोट आहे त्याचा भाव पाडायचा नाही तर काय करायचं? पण तो मुद्दा नव्हता.

"माया गाड्यात मानसं बसतात मिस्त्री! आज सगळ्या गाड्या वऱ्हाड घेऊन गेल्या आहेत, अन् त्या तू पास केल्या आहेस! सुन्न पायानं!"

आता तो चिडला. पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. "एक गाडी सांग. एक गाडी माया पायानं पास केलो असन तं सांग. सगळ्या तुया पायानं केल्या."

"अन् दुसऱ्यायच्या?"

"त्यायच्याबी."

"मायाच पाय काऊन? बाजारात पाय कमी आहेत का?"

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. वहिनीनं तो टाचेवर गुंडाळला.

"बाकीच्यायले विचारलं, कसं आहे, तं म्हनतेत चांगलं आहे. त्यायले घरी जावाची घाई असते. तुया पाय कोनावर भरोसा नाही ठेवत. तुले चांगल्या मालातबी खोट दिसते. ब्रेकले असाच पाय लागते."

मला कळेना, हा मला शिवी देतोय की काय देतोय. आजही कळत नाही.

"कोनाले सांगू नको," तो मग हळू आवाजात म्हणाला. "सांगशीन तं उद्यापासून इथं कोनी येनार नाही."

काही सुचलं नाही की मी भाव करतो. म्हटलं, "मंग आजपासून माया गाड्यायचा भाव अर्धा."

तो लगेच म्हणाला, "बरं."

चप्पल शेजारीच पडली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. मी इतक्या वर्षांत त्याच्याकडून एकदाही भाव तोडून घेतला नव्हता, आणि आता तो नुसता मान हलवून बसला होता. मला एवढा थकवा आला की मी तिथेच दुसऱ्या टायरवर बसलो. जाताना पुरे पैसे त्याच्या बाकावर आपटून ठेवले. ते मेहरबानी म्हणून नाही. मला तसला भाव नको होता.

मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर काही दिवस मी बोलावल्याशिवायच जाऊन बसायचो. शिव्या द्यायचो आणि पेडल दाबायचो. तो आता चप्पल घालून काम करायचा. लोकांनी विचारलं तर मी सांगायचो, मिस्त्रीला खिळा लागलाय. खिळ्यावर बरेच दिवस निघाले. पण टाच काही भरून आली नाही. आधी गोंदियाचा दवाखाना, मग नागपूर. वहिनीचा फोन आला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "गुडघ्याच्या खालून काढला, भाऊजी. उजवा."

शेड दुसऱ्यानं घेतलं. तिथं आता गाड्या धुतात. त्याचे पाने, जॅक, व्हाइस विकायला निघाले तेव्हा लोकांना वाटलं मी सगळा लॉट उचलीन. मी त्या दिवशी तिकडं फिरकलो नाही.

दोघांनी गावी, नवेगाव बांधला परत जायचं ठरवलं. न्यायला गाडी माझीच. वहिनी मागे सामानात बसली, मांडीवर भांड्यांची पिशवी घेऊन. डोमा पुढे, माझ्या डावीकडे. लुंगी नेसलेला, उजव्या बाजूला ती गुडघ्याखाली नुसतीच लोंबत होती. अंगानं निम्मा झाला होता. गाडीत बसल्यावर त्यानं डॅशबोर्डवर हात फिरवला, खिडकीची काच वर-खाली करून पाहिली आणि म्हणाला, "किती दिलास याचे?" मी सांगितलं. "ठगला तुले," तो म्हणाला. बरं वाटलं.

ऊन पडलं होतं, शेतात धानाची रोपं लागली होती, रस्ता मोकळा. जंगल सुरू झालं आणि एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. मी ब्रेक मारला. चांगला जोरात मारावा लागला.

माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. डोमाची उजवी मांडी वर उचलली गेली होती आणि पुढं ढकलली गेली होती. पूर्ण जोरानं. लुंगीचं रिकामं टोक पत्र्यावर जाऊन हललं आणि थांबलं. त्यानं जिथं दाबलं तिथं पेडल नव्हतं, आणि दाबायला पायही नव्हता. तरी त्यानं ते धरून ठेवलं होतं, शेवटची म्हैस रस्ता ओलांडून जाईपर्यंत.

मग त्याला ते कळलं. त्यानं मांडी हळूच खाली घेतली, लुंगी नीट केली आणि खिडकीबाहेर बघू लागला. मागे वहिनीच्या पिशवीतली भांडी वाजायची थांबली होती. मीही समोर बघितलं.

तिथून पुढे गावापर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की ब्रेकवर पाय ठेवायची वेळच येऊ दिली नाही. वळणं आली, उतार आला, एक-दोन सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. गाडी खालच्या गिअरवर घरघरत होती.

"काय गा सेठ," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, अजून बाहेरच बघत. "डिझेल वाचवून राहिला का?"

"हो," मी म्हटलं.